वायफायचा डबा आणि मावशींचे डोके

मी आठवड्यातून दोन दिवस केज तालुक्यातल्या युसूफ वडगावला रुग्ण पाहतो. मागच्या महिन्यात तिथे साठीच्या आसपासच्या एक मावशी आल्या. सोबत सून होती. तक्रार एकच.

"डॉक्टर, घरात वायफायचा डबा बसवल्यापासून डोकं उठलंय. सकाळी उठलं की ठणकतं."

सून म्हणाली, "आता आम्ही रात्री डबा बंद करतो. त्याच्यावर रेडिएशनचं स्टिकर पण लावलंय. तरी दुखतंच."

स्टिकर कितीला, विचारले. तीन मिळून बाराशे रुपये. एक डब्यावर, एक मुलाच्या लॅपटॉपवर, एक मोबाईलच्या पाठीवर. मग मी मावशींना विचारले, "बी.पी.ची गोळी चालू आहे ना?"

"ती कवाच सोडली. डब्यानं डोकं दुखतंय म्हटल्यावर गोळी खाऊन काय करायचं?"

बी.पी. मोजला. २०६/११८. पाच मिनिटे शांत बसवून पुन्हा मोजला, तरी तेवढाच. सरकारी आरोग्य केंद्रात फुकट मिळणारी गोळी सोडून त्यांनी बाराशे रुपयांचे स्टिकर घेतले होते आणि तीन आठवडे त्या स्टिकरच्या भरवशावर बसल्या होत्या. त्या तीन आठवड्यांत त्यांना अर्धांगाचा झटका आला नाही, हे नशीब. प्रत्येकाचे नशीब असे नसते.

म्हणून आजचा लेख नेहमीपेक्षा थोडा चिडून लिहितो आहे. राऊटरने डोके दुखते, कॅन्सर होतो, गर्भावर परिणाम होतो, असे जे सांगितले जाते त्याच्याशी मला भांडायचे आहे. हे सांगणाऱ्यांपैकी काही जण भोळे आहेत आणि काही जण दुकान मांडून बसलेले आहेत. पण भांडण्याआधी तो डबा काय करतो हे समजून घेऊ. माझा अनुभव असा की, घरातली वस्तू चालते कशी हे कळले की तिची निम्मी भीती तिथेच संपते.

डबा नेमके काय करतो?

हल्ली गावात जे इंटरनेट येते ते बहुतेक ठिकाणी काचेच्या तारेतून, म्हणजे फायबरमधून येते. ही काच केसाएवढी बारीक असते. तिच्यातून वीज जात नाही, प्रकाश जातो. तो डोळ्याला दिसत नाही, कारण तो अवरक्त असतो. खांबावरून घरात आलेली ती बारीक काळी केबल तुमच्या डब्यात शिरते. तिथे प्रकाशाच्या उघडझापीचे विजेच्या संकेतांत रूपांतर होते.

पुढचे काम राऊटरचे. राऊटर म्हणजे घरातला टपालवाला. बाहेरच्या जगाला तुमच्या घराचा एकच पत्ता माहीत असतो. पण घरात चार मोबाईल, एक लॅपटॉप आणि एक टीव्ही असतो. प्रत्येक यंत्र जोडले गेले की ते राऊटरला विचारते, "माझा पत्ता काय?" राऊटर त्याला घरापुरता एक क्रमांक देतो. तो साधारण १९२.१६८.१.५ असा दिसतो. मग लॅपटॉपने काही मागितले की राऊटर ते घराच्या पत्त्याने बाहेर पाठवतो, कोणी मागितले याची नोंद ठेवतो आणि उत्तर आले की बरोबर त्याच यंत्राला नेऊन देतो. माहिती सगळी एकदम येत नाही. साधारण दीड हजार बाइटच्या लहान लहान पाकिटांत येते. सिनेमा पाहताना अशी लाखो पाकिटे येतात.

राऊटरपासून कॉम्प्युटरपर्यंत हे टपाल दोन वाटांनी जाते.

पहिली वाट तारेची. लॅन केबलमध्ये तांब्याच्या आठ बारीक तारा असतात. दोन-दोन तारांची जोडी करून ती पिळलेली असते, म्हणजे बाहेरचा विजेचा गोंगाट संकेतात मिसळत नाही. टोकाला पारदर्शक प्लास्टिकचा प्लग, जो टक् आवाज करून बसतो. अशी तार १०० मीटरपर्यंत नीट चालते.

दुसरी वाट हवेची, म्हणजे वायफाय. यात राऊटर आणि कॉम्प्युटर दोघेही रेडिओलहरींनी बोलतात. आपल्या घरी आकाशवाणी लागते ती रेडिओलहरींमुळेच. फरक एवढा की वायफायच्या लहरी आखूड असतात. २.४ गिगाहर्ट्झची लहर साधारण १२ सेंटीमीटर लांब असते आणि ५ गिगाहर्ट्झची त्याच्या निम्म्याने. राऊटर सेकंदाला साधारण दहा वेळा आपले नाव पुकारतो. मोबाईलमध्ये वायफायची यादी दिसते ती या पुकाऱ्यामुळे. तुम्ही नाव निवडून पासवर्ड टाकता तेव्हा पासवर्ड जसाच्या तसा हवेतून जात नाही. दोन्ही यंत्रे त्या पासवर्डवरून एक गणित सोडवतात. उत्तर जुळले की दार उघडते.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. घरात कोणी काही पाहत नसेल तेव्हा राऊटर जवळजवळ गप्प असतो. नाव पुकारण्यापुरता तो बोलतो आणि तेवढ्यात शेकडा एक-दोन टक्केच वेळ जातो. मावशी झोपेत असताना डबा रात्रभर त्यांच्यावर किरणांचा मारा करत असेल, हे चित्रच मुळात चुकीचे आहे.

'रेडिएशन' या शब्दाने केलेला घोटाळा

आपल्या भाषेत एक गडबड झाली आहे. बातम्यांत मोबाईल टॉवरच्या लहरींनाही 'किरणोत्सर्ग' म्हणतात आणि अणुभट्टीतून जे निघते त्यालाही 'किरणोत्सर्ग'च म्हणतात. इंग्रजीतला 'रेडिएशन' हा शब्दही तसाच सैल. एक्स-रे रेडिएशन, कॅन्सरवर देतात ते रेडिएशन, उन्हाचे रेडिएशन आणि वायफायचेही रेडिएशन. नाव एकच असल्याने गुणही एकच असेल, असे माणसाला वाटते.

प्रत्यक्षात यात दोन जाती आहेत. पहिली जात पेशीतल्या अणूंपासून इलेक्ट्रॉन उडवू शकते. त्यामुळे डी.एन.ए. तुटतो आणि पुढे कॅन्सर होऊ शकतो. एक्स-रे आणि गॅमा किरण या जातीचे. उन्हातल्या अतिनील किरणांचा कडक भागही याच सीमेवर येतो. म्हणून तर आम्ही गरोदर बाईचा एक्स-रे विचार करून काढतो. दुसऱ्या जातीकडे तेवढी ऊर्जाच नसते. वायफायच्या लहरीतल्या एका कणाची ऊर्जा इलेक्ट्रॉन उडवायला लागणाऱ्या ऊर्जेच्या सुमारे दहा लाखाव्या भागाएवढी असते. साध्या दिव्याच्या प्रकाशाच्या कणातसुद्धा तिच्या दोन लाख पट ऊर्जा असते. आता कोणी म्हणेल, कण लहान असले तरी पुष्कळ असतील ना? पण एवढ्याशा खड्यांचा ढीग भिंतीवर फेकला तरी भिंत पडत नाही. त्यासाठी एक तरी मोठा धोंडा लागतो.

या लहरी एकच काम करू शकतात, ते म्हणजे गरम करणे. मायक्रोवेव्ह ओव्हन वायफायच्याच आसपासच्या लहरींवर चालतो, ही गोष्ट खरी आहे आणि भीती घालणारे ती आवर्जून सांगतात. पण ओव्हन ८०० वॅट शक्ती लोखंडी पेटीत कोंडून एका वाटीवर सोडतो. घरचा राऊटर साधारण एक दशांश वॅट चारी दिशांना पसरवतो. देवापुढचे निरांजन आणि वीटभट्टी, दोन्हीकडे आगच असते. निरांजनाजवळ बसून कोणी भाजत नाही.

हिशेब करून पाहू

राऊटरपासून जसजसे लांब जाल तसतशी लहर वेगाने पातळ होते. अंतर दुप्पट केले तर जोर एक चतुर्थांश उरतो. एक दशांश वॅटचा राऊटर एक क्षणही न थांबता बोलतो आहे असे धरू, म्हणजे सगळ्यात वाईट स्थिती. तरी दोन मीटरवर बसलेल्या माणसाच्या अंगावर चौरस मीटरला साधारण २ मिलिवॅट पडतात. सामान्य लोकांसाठीची आंतरराष्ट्रीय मर्यादा या लहरींना चौरस मीटरला १० वॅट आहे. म्हणजे आपण मर्यादेच्या पाच हजाराव्या भागावर आहोत. भारताने १ सप्टेंबर २०१२ पासून मोबाईल टॉवरसाठी ही मर्यादा दहापट कडक केली. त्या कडक मापाने मोजले तरी पाचशेवा भाग.

आता तुलनेसाठी आपले ऊन घ्या. मे महिन्यात दुपारी बारा वाजता बीड जिल्ह्यात अंगावर चौरस मीटरला सुमारे १००० वॅट ऊन पडते. ते राऊटरच्या पाच लाख पट झाले आणि त्यात अतिनील किरणही असतात. डोक्याला टॉवेल न बांधता त्या उन्हात दिवसभर कापूस लावणारा माणूस घरी येऊन म्हणतो, "डब्यामुळं डोकं दुखतंय." मला त्याच्यावर हसू येत नाही. राग येतो तो त्याला हे शिकवणाऱ्याचा.

रात्री डबा बंद केल्याने काय होते?

मावशींच्या घरी सगळे मोठ्या शिस्तीने रात्री डबा बंद करत होते. मोबाईल मात्र उशाशी चालूच होता.

मोबाईल हाही एक रेडिओ आहे आणि तो शहाणा आहे. समोरचा जवळ असेल तर हळू बोलतो, लांब असेल तर ओरडून बोलतो. घरात वायफाय चालू असते तेव्हा तो दहा-पंधरा फुटांवरच्या डब्याशी बोलतो. डबा बंद केला की त्याला इंटरनेटसाठी लांबच्या टॉवरशी बोलावे लागते. आमच्याकडे शेतवस्तीवर रेंज किती मिळते हे तुम्हाला माहीत आहे. जुनी माळवदाची घरे असतील तर दोन-दोन फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती. वर पत्रे असतील तर लहर पत्र्यावरून परत फिरते. अशा घरात मोबाईल टॉवर शोधायला पूर्ण जोर लावतो.

म्हणजे रेडिओलहरींच्या भीतीने राऊटर बंद करून उशाशी डेटा चालू असलेला मोबाईल ठेवणाऱ्याच्या डोक्यापाशी लहरी कमी होत नाहीत. झाल्या तर वाढतात. त्याही मर्यादेच्या आतच असतात, घाबरू नका. पण ज्यांनी हा उपाय शिकवला त्यांना डबा आणि मोबाईल एकमेकांशी कसे बोलतात एवढेही माहीत नव्हते, हे यावरून कळते. ब्रिटनच्या आरोग्य संरक्षण संस्थेने एकदा साधा हिशेब मांडला होता. वायफाय असलेल्या जागी वर्षभर बसून जेवढ्या लहरी मिळतात, तेवढ्या मोबाईल कानाला लावून वीस मिनिटे बोलण्याने मिळतात.

"पण जागतिक आरोग्य संघटनेनेच तर सांगितलंय!"

हा प्रश्न मला सुशिक्षित लोक विचारतात आणि तो रास्त आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मे २०११ मध्ये रेडिओलहरींना 'गट २-बी' मध्ये टाकले. त्याचा अर्थ, कॅन्सरशी संबंध असण्याची शक्यता नाकारता येत नाही, पण पुरावा अपुरा आहे. हा निर्णय मुख्यतः कानाला मोबाईल लावून खूप बोलणाऱ्यांच्या अभ्यासावरून झाला होता, भिंतीवरच्या राऊटरवरून नव्हे. या गटांत पुरावा किती पक्का ते सांगतात, धोका किती मोठा ते नाही. आशियातल्या पारंपरिक पद्धतीने खारवलेल्या भाज्याही याच २-बी गटात आहेत.

त्यानंतर काय झाले? जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्यावरून केलेला एक मोठा आढावा सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. ६३ अभ्यास तपासले गेले. मोबाईल वापराचा मेंदूच्या कॅन्सरशी संबंध दिसला नाही, दहा वर्षांहून अधिक काळ वापरणाऱ्यांतही नाही. काही जण म्हणतात, सिगारेटबद्दलही कंपन्या असेच बोलत होत्या. खरे आहे, कंपन्या खोटे बोलल्या. पण सिगारेट वाढली तशी फुप्फुसाच्या कॅन्सरची लाट आली आणि ती डॉक्टरांनी मोजली. जगभर मोबाईल आणि वायफाय घराघरांत पोहोचले, तशी मेंदूच्या कॅन्सरची लाट मात्र आली नाही.

आता त्याच संस्थेच्या यादीवर आपल्या घरात बोट फिरवा. तंबाखू, गट १. सुपारी, गट १, म्हणजे कॅन्सर होतो हे सिद्ध. चुलीतल्या लाकडाचा धूर, गट २-ए, राऊटरच्या वरचा. २०१६-१७ च्या देशव्यापी पाहणीत महाराष्ट्रातले सुमारे २४ टक्के प्रौढ लोक खाण्याची तंबाखू वापरताना आढळले. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे आणि ती किती पाळली जाते हे टपरीवर जाऊन पाहा. माझ्यासमोर बसून, गालात तंबाखूची गोळी धरून, "डॉक्टर, वायफायनं कॅन्सर होतो का हो?" असे विचारणारे मला महिन्याला दोन-चार तरी भेटतात. त्यांना मी आधी आरसा देतो आणि तोंड उघडायला सांगतो. गेल्या वर्षी अशाच एकाच्या गालात पांढरा चट्टा निघाला. तो राऊटरचे विचारायला आला होता म्हणून वेळेत सापडला.

"मग माझे डोके खरेच दुखते त्याचे काय?"

दुखणे खरेच असते. रुग्ण नाटक करतो असे मी म्हणत नाही. आपल्याला लहरींचा त्रास होतो असे सांगणाऱ्या लोकांवर प्रयोग झाले आहेत. त्यात यंत्र कधी चालू ठेवतात, कधी बंद, आणि रुग्णाला ते सांगत नाहीत. २००५ मध्ये अशा ३१ प्रयोगांचा आढावा निघाला, त्यात ७२५ माणसे होती. यंत्र चालू आहे की बंद हे लोकांना ओळखता येते, याचा भक्कम पुरावा मिळाला नाही. त्रास व्हायचा तो यंत्र चालू आहे असे वाटल्यामुळे.

इंग्लंडमधला २०१३ मध्ये छापून आलेला प्रयोग तर बोलका आहे. १४७ लोकांपैकी काहींना वायफायच्या धोक्यांवरची टीव्हीवरची फिल्म दाखवली, काहींना दुसऱ्याच विषयावरची. मग सगळ्यांना सांगितले की आता तुमच्यावर पंधरा मिनिटे वायफाय सोडतो. प्रत्यक्षात काहीच सोडले नव्हते. तरी निम्म्याहून अधिक लोकांना त्रास झाला. ज्यांच्या मनात आधीच काळजी होती आणि ज्यांनी ती फिल्म पाहिली होती, त्यांना जास्त. भीतीने दुखणे तयार होते ते असे. व्हॉट्सॲपवर असला व्हिडिओ पुढे ढकलताना हे आठवा. तुम्ही सावध करत नाही, डोकेदुखी वाटत आहात.

नवा ताईत

आता स्टिकर आणि चिपवाल्यांकडे येऊ. यांच्यासाठी एकच प्रश्न पुरेसा आहे. स्टिकर लावल्यावर वायफाय चालते का? चालत असेल तर लहरी तशाच बाहेर पडत आहेत, म्हणजे स्टिकर काही करत नाही. लहरी खरोखर अडवल्या असत्या तर इंटरनेट बंद पडले असते. "वाईट लहरी अडवतो, चांगल्या सोडतो," हे विज्ञान नव्हे. जुना ताईतवाला हेच बोलायचा, फक्त त्याच्या पिशवीत होलोग्राम नव्हता.

यात सरकारी खुर्चीवरचे लोकही मागे नाहीत. ऑक्टोबर २०२० मध्ये राष्ट्रीय कामधेनू आयोगाच्या अध्यक्षांनी शेणापासून केलेली, मोबाईलचे रेडिएशन कमी करणारी चिप पुढे आणली. पुरावा दाखवा, असे शेकडो शास्त्रज्ञांनी विचारले. शेण ही उपयोगी वस्तू आहे आणि शेतात टाकले तर सोने पिकवते. तिला मोबाईलला चिकटवून तिचाही मान जातो आणि विज्ञानाचाही.

परदेशात याहून वाईट झाले. डिसेंबर २०२१ मध्ये नेदरलँड्सच्या अणुसुरक्षा खात्याने लहरींपासून वाचवणारी म्हणून विकली जाणारी लॉकेटे आणि कडी तपासली. दहा वस्तूंमधून खराखुरा किरणोत्सर्ग बाहेर पडत होता, डी.एन.ए. तोडणाऱ्या जातीचा. वापरू नका, असे खात्याला जाहीर करावे लागले. नसलेल्या धोक्याच्या भीतीने लोक असलेला धोका गळ्यात बांधून फिरत होते.

आम्हा डॉक्टरांनाही चार शब्द

फक्त लोकांना आणि विक्रेत्यांना बोलून मी मोकळा होणार नाही. "मोबाईल, वायफाय कमी करा, रेडिएशन असते," हे वाक्य आमच्यातले अनेक जण सहज बोलून जातात. मीही बोललो आहे. बारा-तेरा वर्षांपूर्वी एक शिक्षक सकाळी डोके जड होते म्हणून आले. गर्दी होती, तपासणीत काही सापडले नाही. मी म्हणालो, "घरात राऊटर असेल तर लांब ठेवा." त्यांनी तो ओसरीत नेला. डोके जडच राहिले. दोन वर्षांनी दुसऱ्या डॉक्टरांनी त्यांच्या पत्नीला एकच प्रश्न विचारला, "हे रात्री घोरतात का?" त्यांना झोपेत श्वास अडकण्याचा आजार होता. तो प्रश्न मी विचारायला हवा होता. मी विचारला नाही, कारण राऊटरला दोष दिला की पुढचा रुग्ण आत बोलावता येतो.

म्हणून डॉक्टरमित्रांनो, आपल्याला माहीत नसेल तेव्हा "माहीत नाही, अजून तपासू" म्हणावे. आपल्या तोंडचे एक सैल वाक्य गावात वर्षभर फिरते आणि स्टिकरवाला आपले नाव सांगून स्टिकर विकतो.

मग घरी काय करावे?

१. डोके वारंवार दुखत असेल तर पहिल्यांदा बी.पी. मोजा. साधारण वाढलेल्या बी.पी.ने बहुधा डोके दुखत नाही, म्हणून न दुखताही मोजायचा असतो. १८०/१२० च्या वर असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. गोळी स्वतःच्या मनाने सोडू नका.

२. चष्म्याचा नंबर, झोप, पाणी, उपाशीपोटी चहा, घोरणे आणि महिन्यात पंधरा-पंधरा दिवस घेतलेल्या डोकेदुखीच्याच गोळ्या, ही नेहमीची कारणे आहेत. ती एकेक तपासा.

३. अचानक आयुष्यातले सर्वात तीव्र डोके दुखणे, ताप आणि मान आखडणे, हातपाय लुळा पडणे, जीभ अडखळणे, नजर जाणे, डोक्याला मार लागल्यानंतरचे दुखणे, पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेले दुखणे, यात एक तासही घरी घालवू नका.

४. गरोदर बाईचे डोके दुखत असेल, डोळ्यांपुढे काजवे चमकत असतील, चेहऱ्यावर सूज असेल तर लगेच बी.पी. आणि लघवी तपासा. तिला राऊटरपासून दूर बसवून बी.पी. न मोजणे हा गुन्हा आहे.

५. रात्री राऊटर जरूर बंद करा, पण मुले अंथरुणात मोबाईल पाहतात म्हणून. झोप मोडणारी गोष्ट लहर नाही, तो पडदा आहे. आणि मोबाईलही दुसऱ्या खोलीत ठेवा.

६. विजा चमकत असताना राऊटरचा अडॅप्टर काढून ठेवा. ओल्या भिंतीवरचा, उघड्या वायरचा बोर्ड बदला. डब्यापासूनचा खरा धोका शॉकचा आहे.

७. पासवर्ड बदला. "१२३४५६७८" ठेवू नका. तुमचे रिपोर्ट, तुमचे बँकेचे व्यवहार याच डब्यातून जातात.

८. टेबलावरचा कॉम्प्युटर जवळ असेल तर लॅन केबल जरूर लावा. कॅन्सरच्या भीतीने नको. तारेवर जोडणी तुटत नाही आणि डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलताना ऐन वेळी चित्र अडकत नाही म्हणून लावा. वायफायच हवे असेल तर डबा कपाटात किंवा पत्र्याच्या पेटीमागे न ठेवता घराच्या मध्यभागी, उंचावर ठेवा.

मावशींचे सांगायचे राहिले. गोळी पुन्हा सुरू केली, मीठ कमी केले, आठवड्याने बोलावले. आता बी.पी. १३८/८४ आहे आणि डोके थांबले आहे. डबा रात्रंदिवस चालू आहे. मुलगा पुण्याला कंपनीत आहे, तो रोज रात्री आठला व्हिडिओवर आईशी बोलतो आणि पहिला प्रश्न विचारतो, "गोळी घेतली का?" याच डब्यातून.

स्टिकर मी काढायला सांगितला नाही. त्यांनीच सुनेकडून काढून घेतला. पैसे काही परत मिळाले नाहीत. पुढच्या वेळी असा स्टिकर विकणारा तुमच्या ओसरीवर आला तर त्याला मी वर दिलेला एकच प्रश्न विचारा आणि तो उत्तर देत असताना घरातल्या म्हाताऱ्या माणसांचा बी.पी. कधी मोजला होता ते आठवून पाहा.